लेब्रॉन ८ ‘साउथ बीच’ आणि कोकणातली दमट हवा

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. नायकीचा लेब्रॉन ८ ‘साउथ बीच’ हा बास्केटबॉलचा बूट पायात घालून खेळायला घेत असाल तर घ्या, पण २०२१ मध्ये पुन्हा निघालेली जोडीच घ्या. डब्यात जपून ठेवायला घेत असाल आणि घर हर्णै, रत्नागिरी, देवगड, मालवण असं कुठेही समुद्राच्या वाऱ्यात असेल, तर घेऊ नका. त्या पैशात पडवीची कौलं बदलून होतील आणि ती जास्त टिकतील.

नायकीने हा बूट पहिल्यांदा काढला ऑक्टोबर २०१० मध्ये, अगदी मोजक्या जोड्यांत. त्याच वर्षी जुलैमध्ये बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स क्लीव्हलंडचा संघ सोडून मायामी हीट या संघाकडे गेला होता, त्या नव्या गावाच्या नावाने निघालेला हा रंग. साउथ बीच म्हणजे मायामी बीचचा दक्षिणेकडचा भाग. तिथल्या आर्ट डेको इमारतींचे गुलाबी, पिस्ता, आकाशी रंग आणि रात्रीच्या निऑनच्या पाट्या बुटावर उतरल्या आहेत. गंमत म्हणजे मायामी हीटचे स्वतःचे रंग लाल, काळा आणि पिवळा. या हिरव्या-गुलाबीचा संघाच्या गणवेशाशी तेव्हा काडीचा संबंध नव्हता. संघाने ‘व्हाइस’ नावाचा गुलाबी-निळ्या अक्षरांचा गणवेश आणला तो २०१८ मध्ये, आणि एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, बुटाच्या रंगावरची बंधनं उठली तीही २०१८-१९ च्या हंगामापासून. म्हणजे २०१० साली हा बूट खेळण्यापेक्षा मिरवण्याचा जास्त होता. जुलै २०२१ मध्ये तो पुन्हा निघाला, अमेरिकेत २०० डॉलर किमतीला. आज हाताला लागतील त्या जोड्या बहुतेक याच.

रंगाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण लोक पैसे मोजतात ते त्याचेच. नायकी याला फिलामेंट ग्रीन, पिंक फ्लॅश आणि ब्लॅक म्हणते. आपल्या भाषेत पहिला रंग मोरपंखी आणि पिस्ता यांच्या मधला, दुसरा राणी कलर जरा उजळ केलेला. बुटाचं बहुतेक अंग हिरवट निळं, आतलं अस्तर गुलाबी, आणि दोन्ही एकमेकांवर धावून जाऊ नयेत म्हणून मधे काळा. हे काळ्याचं काम नीट बघा. हिरवट निळा आणि गुलाबी हे जवळजवळ विरुद्ध रंग, शेजारी ठेवले की दोघेही जास्त भडकतात आणि कड थरथरल्यासारखी दिसते. मधे काळी रेघ ओढली की डोळा विसावतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात लागलेल्या होड्या रंगवणारा माणूस नेमकं हेच करतो: हिरव्या-निळ्या पट्टीवर गुलाबी नाव लिहितो आणि अक्षराला काळी किनार देतो. त्याला कुणी डिझायनर म्हणत नाही, इतकाच फरक.

उन्हात हा बूट हिरवा वाटतो, ट्यूबलाइटखाली निळा. फोनचा कॅमेरा तर त्याला स्वतःच्या मनासारखा रंगवतो. म्हणून फोटो पाहून ‘रंग चुकलाय, डुप्लिकेट आहे’ किंवा ‘रंग बरोबर आहे, ओरिजिनल आहे’ असं दोन्हीकडून ठरवू नका. ढगाळ दिवशी उघड्यावर, कशाचीही सावली न पडता पाहिला तर खरा रंग कळतो. आणि यातला गुलाबीच सगळ्यात आधी उडतो. असे चमकदार गुलाबी रंग उन्हातल्या अतिनील किरणांपुढे टिकत नाहीत. एप्रिलमध्ये कोर्टाच्या कडेला जीभ बाहेर ओढून बूट तासन्‌तास ठेवायची सवय असेल, तर एका उन्हाळ्यात अस्तराची वरची कड फिकट पडलेली दिसेल.

लेब्रॉन ७ पासून ही मालिका नायकीचे डिझायनर जेसन पेट्री यांच्याकडे आली. पावलाच्या पूर्ण लांबीची हवेची पिशवी, म्हणजे ३६० मॅक्स एअर, बास्केटबॉलसाठी आणली ती त्यांनीच, आणि ८ मध्ये तीच पुढे चालवली. ८ च्या तीन आवृत्त्या निघाल्या हे विकत घेताना लक्षात ठेवा. पहिली व्ही/१, मग हलकी केलेली व्ही/२, मग प्लेऑफसाठी, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद सामन्यांसाठी, आणखी हलकी पी.एस., जिच्यात टाचेला मॅक्स एअर आणि चवड्याखाली झूम ही पातळ हवेची पिशवी आहे. साउथ बीच ही व्ही/१ आहे, तिघांतली सगळ्यात जड. चवड्याच्या बाजूला फ्लायवायरचे धागे पातळ आवरणाखाली दिसतात, मागचा भाग चामड्याचा. फ्लायवायर म्हणजे वरच्या कापडाला ताण सोसायला लावण्याऐवजी ठरावीक ठिकाणी बळकट धागे टाकून पाऊल आवळायचं. नायकीने ते २००८ मध्ये आणलं. धागे सहसा तुटत नाहीत. त्यांच्यावरचं आवरण मात्र जिथे चवडा दुमडतो तिथे सुरकुततं आणि पुढे तिथूनच सोलायला लागतं. ती जागा कायम धुळीत आणि घामात राहिली तर लवकर.

मापाकडे वळू. भारतात आपण यूके माप बोलतो, नायकीच्या डब्यावर अमेरिकन आकडा मोठ्या अक्षरात असतो. पुरुषांच्या मापात अमेरिकन ९ म्हणजे यूके ८, म्हणजे २७ सेंटिमीटर. बाटाच्या दुकानात आठ नंबर घेणाऱ्याने इथे ‘आठ’ म्हणून अमेरिकन ८ मागवला की बूट एक नंबर लहान येतो, आणि मर्यादित जोडीची बदली मिळत नसते. पाऊल संध्याकाळी मोजा, तेव्हा ते फुगलेलं असतं. खेळताना घालता तेच मोजे घाला, टाच भिंतीला टेकवा, कागदावर सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा, दोन्ही पावलं मोजा आणि मोठा आकडा धरा. लांबीला हा बूट मापात बसतो. अडचण रुंदीची आहे. अनवाणी आणि चपलेत वाढलेला पाय चवड्याला पसरट असतो, आणि आपल्याकडे असे पाय पुष्कळ. करंगळीच्या मुळाशी दाब जाणवत असेल तर अर्धा नंबर वर जा. अर्धा नंबर म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास, टाच त्याने सैल होत नाही, लेस आवळून भागतं. एक पूर्ण नंबर वर गेलात तर मात्र थांबताना बोटं पुढे घसरून नखं काळी पडतील.

घोट्याची कड उंच आणि जाड आहे. पहिले चार-पाच दिवस ती घासते, तेव्हा आखूड मोजे नकोत. वरचं शेवटचं भोक रिकामं ठेवून लेस बांधा, बूट नरम झाला की ते वापरायला घ्या.

आता खेळताना कसा? उंच आणि मऊ. उडी मारून उतरताना, विशेषतः वजनदार माणसाला, हवेची पिशवी धक्का मऊ करते. साधा फोम वर्षभरात दबतो आणि मग तसाच राहतो. दाबाखालचा वायू भरलेली पिशवी दबून राहत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी जसा वाटतो तसाच तो दोन वर्षांनी वाटतो. पण पाऊल जमिनीपासून उंच राहतं. झटकन दिशा बदलणाऱ्याला पायाखाली काय चाललंय ते उशिरा कळतं, आणि अंग एका बाजूला झुकलं तर घोटा मुरगळण्याचा धोका या उंचीमुळेच वाढतो. पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारा, असाल, वजन साठ-पासष्ट किलो असेल, तर हा बूट तुमच्यासाठी नाही, रंग कितीही आवडो. बास्केटखाली उभं राहून धक्के खाणाऱ्यासाठी तो चांगला आहे. व्हॉलीबॉलसाठी घेऊ का, असंही विचारलं जातं, कारण कोकणात गावोगावी मैदान आखलेलं असतं ते कबड्डीचं नाहीतर व्हॉलीबॉलचं. नको. दहाव्या उडीनंतर वजन जाणवतं.

सोल लाकडी फरशीसाठी आहे. नायकीच्या काही बुटांच्या तळावर एक्सडीआर लिहिलेलं असतं, ते बाहेरच्या कोर्टासाठी केलेलं जास्त चिवट रबर. हा त्यातला नाही. शाळा-कॉलेजांच्या सिमेंटच्या कोर्टावर रोज तासभर खेळलात तर चवड्याखालच्या खाचा पहिल्या हंगामातच बोथट होतील. अंगठ्याच्या मुळाखालची जागा बघत जा, तिथूनच सुरुवात होते. शिवाय कोकणात सिमेंटवर कायम लाल धूळ असते, जांभ्याची. ती इतकी बारीक की खाचेत बसली की तळ पावडर लावल्यासारखा होतो आणि पकड जाते. तळहाताने पुसून ती निघत नाही, उलट हाताचा घाम लागून चिकटते. एक सुती फडका पाण्यात बुडवून घट्ट पिळून कोर्टाच्या कडेला ठेवा, दर आठ-दहा मिनिटांनी दोन्ही तळ त्यावर घासा. फडका ओला नको, दमट हवा. सोलवर पाण्याचा थर राहिला तर सिमेंटवर आणखी घसराल.

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत उघड्या कोर्टावर शेवाळ असतं आणि त्यावर जगातला कुठलाही सोल पकड घेत नाही. शेवाळ हिरवं दिसत नसलं तरी असतं. काळपट डाग दिसला की समजायचं. खेळायचंच असेल तर खराट्याने घासून, ब्लीचिंग पावडर टाकून अर्धा तास ठेवून दोनदा भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय या बुटाने कोर्टावर पाय ठेवू नका. राहिलेल्या ब्लीचिंगने गुलाबीवर पांढरे ठिपके पडतात आणि ते कशानेही परत येत नाहीत.

खरा शत्रू मात्र कोर्ट नाही, हवा आहे.

आजच्या बहुतेक खेळाच्या बुटांमध्ये सोल शिवलेला नसतो, चिकटवलेला असतो, आणि तो गोंद सहसा पॉलीयुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. पीयूच्या रेणूंच्या साखळीत ज्या जोडण्या असतात त्यांतल्या काही पाणी तोडतं. थेट पाण्यात बुडवायची गरज नाही, हवेतली वाफ पुरते. तुटताना आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पुढच्या जोडण्या आणखी वेगाने तोडायला मदत करतं. म्हणून बूट वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो आणि मग एका पावसाळ्यात एकदम जातो. याला हायड्रॉलिसिस म्हणतात. बूट बनवणाऱ्यांची एक चाचणी आहे, नमुना ७० अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रतेत सात दिवस ठेवायचा. तिला ‘जंगल टेस्ट’ म्हणतात. तापमान सोडलं तर जुलै-ऑगस्टमधलं किनाऱ्यावरचं कुठलंही कपाट हीच चाचणी घेत असतं, फक्त सावकाश आणि दरवर्षी.

त्यात मीठ. समुद्राकडून येणारा वारा मिठाचे बारीक कण घेऊन येतो आणि ते शिवणीत, लेसच्या भोकांत, सोल आणि चामड्याच्या फटीत बसतात. मीठ साधारण ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते यामुळेच. म्हणजे महागडं यंत्र नसलं तरी चालेल: ज्या दिवशी बरणीतलं मीठ ओलसर लागलं, त्या दिवशी बुटाच्या फटीतलं मीठही ओलं झालेलं आहे, आणि ते ओल गोंदाला चिकटवून धरतंय. खेळून आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सोलची कड पुसण्याचं कारण धूळ नाही, हे मीठ आहे.

यातून एक गोष्ट निघते जी स्नीकर जमवणाऱ्यांना आवडत नाही. न घातलेला बूट सुरक्षित नसतो. गोंदाला तुम्ही बूट घातला की नाही याच्याशी देणंघेणं नाही, त्याला किती ओल किती वर्षं लागली एवढंच कळतं. बंद पुठ्ठ्याच्या डब्यात तर ओल जास्त टिकते, कारण पुठ्ठा स्वतः स्पंजासारखा आहे. जी जोडी माळ्यावर पाच पावसाळे न हलवता ठेवली, ती पहिल्यांदा घालून कोर्टावर उतरलात आणि अर्ध्या तासात सोल लपालपा करायला लागला, तर तो बुटाचा दोष नव्हे. २०१० च्या जोड्यांचं तर विचारायलाच नको. त्या आता काचेच्या कपाटात ठेवायच्या वस्तू आहेत, तेही कोरड्या हवेच्या गावात.

तरीही ठेवायचे असतील, निदान पावसाळ्याचे चार महिने तरी, तर काम आगोटीला, मे महिना संपायच्या आत करायचं. सुकट, मिरच्या, पापड भरून ठेवता तेव्हाच. मृगाची पहिली सर पडून गेल्यावर बूट कोरडा करायला कोरडी हवाच उरत नाही.

लेस आणि आतला तळवा काढा. ब्रशने सुकी धूळ झाडा. पाव बादली पाण्यात अर्धा चमचा सौम्य शांपू टाकून फडका पिळून पुसा, मग नुसत्या पाण्याच्या फडक्याने दोनदा. अस्तरावर आधी आतल्या बाजूला पांढरा रुमाल ओला करून घासून बघा, गुलाबी रंग रुमालावर आला तर तिथे फक्त कोरडा ब्रश. मग पंख्याखाली दोन दिवस. ऊन नको, चुलीची ऊब नको, फ्रिजच्या मागची गरम जाळी नको आणि केस सुकवायचं यंत्र तर अजिबात नको. साठ-सत्तर अंशांना हा गोंद मऊ पडतो. कारखान्यात सोल चिकटवताना गोंद तापवतात तो याच सुमारास. म्हणूनच मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत राहिलेल्या बुटाचा सोल चवड्यापाशी उचलला जातो.

आत कागद भरा, पण वर्तमानपत्र नको, शाई अस्तराला लागते. साधा पांढरा कागद. मग पुठ्ठ्याचा डबा बाजूला ठेवून, झाकणाला रबराची पट्टी असलेला प्लास्टिकचा डबा घ्या, दहा-पंधरा लिटरचा. त्यात १०० ग्रॅम सिलिका जेल, दोन कापडी पिशव्यांत. नारिंगी मण्यांचं घ्या, ओल भरली की ते हिरवं होतं. जुनं निळं-गुलाबी जेल नको, त्यातलं कोबाल्ट विषारी आहे. मण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरता येतं. त्याहून जास्त तापवलं तर रंग जळतो आणि मग ओल भरली की नाही ते कळत नाही. डब्यात आकडा दाखवणारं छोटं आर्द्रतामापक ठेवा, तीन-चारशेत मिळतं. ४० ते ५० टक्क्यांच्या मधे ठेवायचं. एक किलो जेल टाकून २० टक्क्यांवर आणलंत तर चामडं कोरडं पडून चिरतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

दोन चुका घरोघरी होतात. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकायची सवय असते, त्याच बुटाच्या डब्यातही पडतात. नॅफ्थलिनची वाफ काही प्लास्टिकांना मऊ आणि चिकट करते. वास तर वेगळाच, तो वर्षभर जात नाही. दुसरी चूक म्हणजे पातळ प्लास्टिकने बूट घट्ट गुंडाळून ठेवणं. गुंडाळताना आत जी ओल होती ती तिथेच अडकते, गोंदातून निघणारं आम्लही तिथेच राहतं.

चामड्यावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. घरात झटकू नका, ती दुसऱ्या चपलांवर जाते. ओसरीवर नेऊन कोरड्या फडक्याने टिपा, फडका टाकून द्या. मग मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं करून, आधी जिभेच्या आतल्या बाजूला रंग उडतो का ते पाहून, हलक्या हाताने पुसा. भिजवू नका, हवेची पिशवी जिथे उघडी दिसते तिथे लावू नका.

लाल मातीचा डाग पडल्या पडल्या पुसायला जाऊ नका, हा सगळ्यात मोठा मोह. ओली जांभ्याची माती घासली की ती चामड्याच्या छिद्रांत आणि शिवणीच्या दोऱ्यात शिरते. पूर्ण वाळू द्या, मग मऊ ब्रशने झाडा, ऐंशी टक्के डाग तिथेच निघतो. राहिलेला शांपूच्या फेसाने, पाण्याने नव्हे. मातीचा लाल रंग म्हणजे लोहाचा गंज, तो साबणात विरघळत नाही. म्हणून काही जण लिंबू चोळतात. पांढऱ्या सदऱ्यावर लिंबू ठीक आहे, या रंगावर नको. गंजाबरोबर हिरवाही फिका होतो आणि तिथे लिंबाच्या फोडीचा गोल उमटतो. शिवणीच्या दोऱ्यात थोडा तांबूस राहिलाच तर राहू द्या.

पावसात भिजलाच तर आतला तळवा बाहेर, लेस पूर्ण सैल, जीभ पुढे ओढलेली, आत पांढरा कागद. पहिले तीन-चार तास दर तासाला कागद बदला, निम्मी ओल तोच ओढतो. मग पंख्यासमोर आडवा ठेवा, उभा नाही, म्हणजे तळालाही वारा लागतो. सतत झड लागलेली असेल तर दीड दिवस कमी पडतो, दोन धरा.

सोल सुटायची पहिली खूण चवड्याच्या टोकाला दिसते. अंगठ्याने रबर खाली दाबा आणि कडेला बघा. केसाइतकी फट उघडली आणि आत पिवळसर भुकटी दिसली तर गोंद मेलाय. नुसती फट असेल आणि गोंद अजून चकचकीत असेल, तर दुरुस्ती होते. इथे मोचीकडे नेताना एक वाक्य पक्कं सांगून ठेवा: शिलाई मारायची नाही. आपल्याकडे सोल सुटला की कडेने जाड दोऱ्याची शिवण मारायची पद्धत आहे आणि शाळेच्या बुटाला ती उत्तम. या बुटात हवेची पिशवी कडेपर्यंत आलेली आहे. आरी एकदा आत गेली की पिशवी फुटली, आणि फुटलेली पिशवी कुणालाही भरता येत नाही. त्यानंतर दर पावलाला चपचप आवाज आणि एका बाजूला खचलेली टाच.

चिकटवायचं असेल तर जुना गोंद पूर्ण खरवडून काढायला लावा, त्याच्यावरच नवा लावला तर नवा जुन्याला धरतो आणि जुना कशालाच धरत नाही. रबराची बाजू बारीक पॉलिश पेपरने खरखरीत करा. पुसायला अॅसिटोन वापरलं तर फक्त रबरावर, रंगावर आणि पिशवीवर नाही. गोंद पीयूचा हवा. मोचीकडचं साधं रबर सोल्युशन आठवडाभर धरतं आणि उन्हात सुटतं. दोन्ही बाजूंना पातळ दोन हात, प्रत्येक हात पंधरा-वीस मिनिटं वाळू द्यायचा, मग हलकी गरम हवा देऊन एकदाच नेमका बसवायचा. पीयू गोंद एकमेकांना लागला की सरकवता येत नाही. दोरीने किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळून चोवीस तास ठेवायचं. एवढी वाट बघायला कुणी तयार नसतं, म्हणून इतक्या दुरुस्त्या फसतात.

विकत कुठे घ्यायचा? कोकणात याचं दुकान नाही. जुन्या जोड्या मुंबई-पुण्यातल्या स्नीकरच्या दुकानांतून, नाहीतर ऑनलाइन विकणाऱ्यांकडून येतात, आणि भाव रोज बदलतो. फर्स्ट कॉपी, म्हणजे हुबेहूब नक्कल, भरपूर फिरते. बुटाच्या जिभेच्या आत शिवलेल्या पट्टीवरचा नंबर पहिला बघा: २०२१ च्या जोडीचा सीझेड०३२८-४००, २०१० च्या जोडीचा ४१७०९८-४०१. तोच नंबर आणि तेच माप डब्याच्या लेबलावर हवं, आणि दोन्ही पायांच्या पट्ट्या एकमेकींशी जुळायला हव्यात. नंबर बरोबर असला म्हणजे बूट खरा असं नाही, चुकीचा असला म्हणजे मात्र नक्की खोटा. मग बुटाची बाजू अंगठ्याने दाबा: खरी पिशवी थोडी आत जाऊन परत येते, नकलेत बऱ्याचदा नुसतं रंगवलेलं कडक प्लास्टिक असतं. आणि वजन. हा जड बूट आहे, हातात हलका लागला तर शंका घ्या.

पावसाळ्यात कुरिअरने मागवू नका. पार्सल घाटातून येतं, गोदामात पडून राहतं, आणि ओला पुठ्ठा बुटाभोवती किती दिवस होता ते कुणी सांगत नाही. नारळी पौर्णिमा जाऊ द्या, ऑक्टोबरची उन्हं पडू द्या, मग मागवा. आल्यावर डबा उघडताना व्हिडिओ काढा आणि त्यातच चवड्याच्या टोकाला अंगठा दाबून कड दाखवा, दोन्ही बुटांची.

सौदा ठरवण्याआधी विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारायचे: जोडी कुठल्या गावात होती, आणि शेवटची कधी घातली. तो अभिमानाने सांगेल, ‘एकदाही घातली नाही, पहिल्यापासून डब्यातच आहे.’ मुंबईत खाडीच्या बाजूच्या घरात होती म्हणाला तर चवड्याचा व्हिडिओ मागा. व्हिडिओ द्यायला का-कू केली तर जोडी त्याच्याच डब्यात राहू द्या. व्हिडिओ आला, फट नसली, तरी न घातल्याचे जास्त पैसे देऊ नका.